१२० दिवस आणि ६२ ठिकाणं

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात)

मी ४३ वर्षांची आहे. एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात १८ वर्षं काम करते आहे. आमच्याकडे दहा वर्षं सेवा झालेल्यांना एकदाच चार महिन्यांची बिनपगारी रजा घेता येते. ती घेऊन, स्वतः गाडी चालवत डोंगर, जंगलं, समुद्रकिनारे बघत फिरावं असं माझ्या फार मनात आहे. दोन वर्षं रात्री जागून मी आखणी केली आहे : १२० दिवस, ६२ ठिकाणं, १६,००० किलोमीटर. नवऱ्याला एवढी रजा मिळणार नाही. मधे दोन आठवडे येईन म्हणतो. 'जा' म्हणाला, पण त्यानंतर या विषयावर तो गप्पच आहे. मुलगा शिक्षणासाठी बाहेर असतो. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, आमच्याजवळ राहतात. त्यांची औषधं, दवाखाना मीच बघते. आई म्हणते, 'सगळं चांगलं चाललेलं असताना हे काय सुचलं?' साहेब म्हणतात, 'रजा घ्या, पण परत आल्यावर हीच जागा असेल असं सांगता येणार नाही.' मी पार दमले आहे. निसर्गात चार महिने काढले की पुन्हा पूर्वीसारखी होईन असं वाटतं. रोज लिहून, फोटो काढून शेवटी एक पुस्तक करायचं ठरवलं आहे, म्हणजे रजा वाया घालवली असं कुणी म्हणणार नाही. पण मुळात मला याचा हक्क आहे का? जाऊ की नको?

प्रिय मैत्रिणी,

जा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण त्यासाठी तुम्हाला पानभर वाट बघायला लावणं बरं नाही. चार महिने मिळत आहेत, गाडी चालवता येते आहे, घरातून 'जा' असं म्हटलं गेलं आहे आणि मनात दोन वर्षं हीच गोष्ट आहे. जरूर जा. पण पत्रासोबत जो आराखडा पाठवलात, तो घेऊन जाऊ नका.

तुम्ही हिशेबातल्या आहात म्हणून हिशेबानेच सांगते. १२० दिवसांत ६२ ठिकाणं म्हणजे एका ठिकाणी दोन रात्रीसुद्धा पुऱ्या नाहीत. १६,००० किलोमीटर म्हणजे रोज सरासरी १३३. मोठ्या महामार्गावर हे अंतर काहीच वाटणार नाही. पण तुमच्या यादीत आहेत डोंगर, जंगलं आणि किनारे. असे रस्ते अरुंद, वळणांचे, मधेच खराब. तिथे थांबे धरून ताशी ३०-३५ किलोमीटर पडले तरी नशीब. म्हणजे रोज जवळपास चार तास स्टिअरिंगवर, १२० दिवस, एकही सुट्टी न घेता. चार महिन्यांचे मिळून ४८० तास होतात. आठ तासांच्या पाळीने मोजले तर कामाचे ६० दिवस. दमलेल्या माणसाने ऑफिसातून रजा घेऊन जवळजवळ पावणेतीन महिन्यांची दुसरी नोकरी धरावी, तसं हे झालं आहे. आणि त्या दुसऱ्या नोकरीत रोज सामान बांधणं, सोडणं, नवी जागा शोधणं, पाणी-इंधन-मुक्काम बघणं हे ओव्हरटाइममध्ये येतं.

हा आराखडा असा का झाला, याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे असं मला वाटतं. 'रजा वाया घालवली असं कुणी म्हणणार नाही', हे तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. हा कुणीतरी कोण आहे? आई? साहेब? शेजारच्या टेबलावरचे सहकारी? त्या कुणासाठी तरी तुम्ही १२० दिवसांतला प्रत्येक दिवस आधीच भरून टाकला आहे, आणि वर पुस्तकाची पावती जोडली आहे. रजेचा हक्क आपण तिच्यातून काहीतरी काढून दाखवल्यावर मिळतो, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. ते खरं नाही. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १८८० साली अध्यापकांना ठरावीक वर्षांनी दीर्घ रजा देण्याची पद्धत सुरू केली आणि हळूहळू ती इतर विद्यापीठांत गेली. त्यामागचा विचार साधा होता : लांब पल्ल्याचं काम करणाऱ्याला मधे लांब थांबा लागतो. तो पाळीपाळीने येतो, माणूस कोसळल्यावर नव्हे. तुमच्या कंपनीने दहा वर्षांची अट घातली आणि तुम्ही अठरा वर्षं केलीत. हक्काचा प्रश्न आठ वर्षांपूर्वीच मिटला आहे.

पुस्तक लिहू नका असं मी म्हणत नाही. लिहावंसं वाटलं तर लिहा. पण निघण्याआधी कुणालाही त्याबद्दल सांगू नका. एकदा सांगितलं की तळ्याकाठी बसतानाही उजेड फोटोला पुरेल का, हा विचार सुरू होतो, आणि जिथे फोटो मिळाला नाही तो दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो.

आता तुमच्या पत्रातलं दुसरं गृहीतक, जे मला जास्त काळजीचं वाटतं. 'निसर्गात चार महिने काढले की पुन्हा पूर्वीसारखी होईन.' पूर्वीसारखी म्हणजे कधीसारखी? आणि दमणूक नेमकी कशाची आहे? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात कामामुळे येणाऱ्या या अवस्थेची, बर्नआउटची, तीन लक्षणं दिली आहेत : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं वाटणं. महत्त्वाचं म्हणजे तिथे तिला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या जागी दीर्घकाळ राहिलेल्या आणि नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं आहे. म्हणजे मूळ कारण ऑफिसात असेल तर ते तुम्ही परत येईपर्यंत तिथेच बसून राहणार आहे.

नेदरलँड्समधल्या जेसिका डी ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोकरदारांच्या सुट्ट्यांचा अभ्यास केला होता. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी २३ दिवसांच्या त्या सुट्ट्यांमध्ये माणसांचं बरं वाटणं झपाट्याने वाढलं, आठव्या दिवसाच्या आसपास सर्वांत वर गेलं, आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात होतं तिथे येऊन थांबलं. हे वाचून खचू नका. दीर्घ रजेची गोष्ट थोडी वेगळी आहे. विद्यापीठांतल्या अध्यापकांच्या दीर्घ रजेवर २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रजेवर गेलेल्यांना न गेलेल्यांपेक्षा फायदा झालेला दिसला, आणि ज्यांनी कामापासून मन पुरतं सोडवून घेतलं, ज्यांच्या हातात आपल्या रजेची सूत्रं होती, त्यांना तो अधिक झाला. म्हणून मी म्हणेन, अंतर किती कापलं यापेक्षा ऑफिसचं ईमेल फोनमधून काढलं का, याने तुमच्या रजेचं भलंबुरं ठरेल.

निघण्याआधी एका संध्याकाळी शांतपणे लिहून काढा : मला कशाने दमवलं? कामाचे तास? एक विशिष्ट माणूस? वर्षाअखेरीचे तेच ते हिशेब? की ऑफिस आणि घर दोन्हीकडे सगळं आपल्याच डोक्यात असणं? जे रस्त्याने बरं होईल आणि जे परतल्यावर बोलून बदलावं लागेल, ते दोन्ही तुम्हाला तिथेच वेगळं दिसेल. आणखी एक गोष्ट अगदी मनापासून सांगते. झोप उडाली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, जगण्याचाच कंटाळा आला असेल आणि हे दोन आठवड्यांच्या वर टिकलं असेल, तर एकटीने गाडी काढण्याआधी डॉक्टरांना भेटा. प्रवास थोडा पुढे गेला तरी चालेल.

तर मग कसं जायचं? माझं म्हणणं एवढंच आहे : रस्ता कमी करा, मुक्काम वाढवा. ६२ मधली नऊ ठिकाणं ठेवा. प्रत्येकी दहा रात्री धरल्या तर ९० दिवस झाले. एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला मिळून १५ दिवस. उरलेले १५ दिवस कोरे ठेवा : पाऊस, ताप, गाडीची दुरुस्ती, किंवा एखादी जागा इतकी आवडली की निघवत नाही, यासाठी. नऊ निवडायची कशी? यादीतून एकेक ठिकाण खोडत जा आणि जे खोडताना खरोखर जिवावर येईल ते ठेवा. बाकीची ५३ बहुधा कुणीतरी पाहायलाच हवीत असं म्हटल्यामुळे आत आलेली असतील.

दहा रात्रीच का, तर निसर्ग एका भेटीत हाती लागत नाही म्हणून. पहिल्या दिवशी आपल्याला फक्त देखावा दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच वाटेवर पुन्हा गेल्यावर लक्षात येतं की कुठल्या झाडावर कुठला पक्षी येतो, पाण्यावर जनावरं कोणत्या वेळी उतरतात, डोंगराची सावली कुठून कुठे सरकते. पक्षी पहाटे सर्वांत जास्त बोलतात, सूर्य वर आला की त्यांचा आवाज ओसरतो. ज्याला आठ वाजता सामान गाडीत टाकून पुढच्या गावाला निघायचं आहे त्याच्या वाट्याला तो तास येत नाही. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. दहा रात्री एका जागी राहिलात तर संध्याकाळी चांदणं असलेलं रान आणि मध्यरात्रीपर्यंत अंधारात असलेलं रान अशी एकाच जागेची दोन रूपं दिसतील. अंधारात डोळे नीट सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. तेवढा वेळ फोनचा उजेड न पाडता बसलं तर आकाशात पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक तारे दिसू लागतात. यातलं काहीही गाडीच्या काचेतून होत नाही.

आणि हे मी केवळ आवडीनिवडीपोटी म्हणत नाही. ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना दीड तास मोकळ्या गवताळ, झाडांच्या भागातून चालायला लावलं आणि काहींना तेवढाच वेळ वाहत्या रस्त्याच्या कडेने. निसर्गात चाललेल्यांच्या मनात त्याच त्या त्रासदायक विचारांचं घोळणं कमी झालं. रस्त्याकडेने चाललेल्यांच्या बाबतीत तसा बदल दिसला नाही. घाटात समोरून येणाऱ्या ट्रककडे लक्ष ठेवून गाडी हाकताना दोन्ही बाजूंना कितीही हिरवं असलं तरी मनाला विसावा मिळत नाही, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आजूबाजूचं सुख शेजारच्या सीटवरच्याला मिळतं. तुमच्या शेजारची सीट रिकामी असणार आहे. म्हणून चाकं थांबलेली असतानाचा वेळ वाढवा.

पण सगळंच मोकळं सोडून देऊ नका. ग्राफिक डिझायनर स्टेफान सॅगमायस्टर दर सात वर्षांनी आपला न्यूयॉर्कमधला स्टुडिओ वर्षभर बंद ठेवत असत. पहिल्या वेळी काहीच न ठरवता मोकळ्या वेळावर भिस्त ठेवली आणि ती फसली. बारीकसारीक कामांतच दिवस जाऊ लागले, तेव्हा त्यांनी काय काय करायचं याची यादी करून तासांचं वेळापत्रक बसवलं, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. अठरा वर्षं ठरलेल्या वेळी उठून ठरलेल्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला अचानक पूर्ण रिकामा दिवस अंगावर येतो. पहिल्या आठवड्यात चुकल्यासारखं वाटेल, अपराधी वाटेल, फोनकडे हात जाईल. त्यासाठी दिवसाला दोनच खुंट्या ठोका : सकाळचं चालणं आणि संध्याकाळी एखाद्या पानावर पाहिलेलं टिपणं किंवा चित्र काढणं. मधला वेळ जसा जाईल तसा जाऊ द्या.

गाडीबद्दल थोडं. लांबच्या प्रवासात खरा धोका थकव्याचा असतो. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतका मंद होतो, असं या विषयावरच्या प्रयोगांतून दिसलं आहे. युरोपीय संघात ट्रकचालकांना साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबावंच लागतं. तो त्यांचा पोटापाण्याचा धंदा आहे, तरी ही मर्यादा. तुम्ही दर दोन तासांनी उतरा, दिवसात पाच तासांच्या वर चालवू नका, आणि अंधार पडण्याआधी मुक्कामी पोहोचा. डोळे मिटू लागले की काचा उघडून, गाणी मोठ्याने लावून काही होत नाही. सुरक्षित जागी गाडी लावून १५-२० मिनिटं झोप काढणं एवढाच उपाय आहे.

गाडी निघण्याच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंगला देऊ नका. महिनाभर आधी द्या, म्हणजे काही राहिलं असेल तर जवळपासच कळेल. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी रबर जुनं झालेलं असू शकतं, म्हणून ते आकडे वाचा. हवा टायर थंड असताना मोजा आणि स्टेपनीचीही मोजा, कारण तीच नेहमी विसरली जाते. चाक बदलण्याचा सराव घरापाशी एकदा स्वतःच्या हातांनी करा. उतारावर ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून मैलोन्‌मैल उतरलं की ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. जड सामान खाली, मागच्या सीटच्या पाठीला लागून; टपावर फक्त हलकं. टाकी अर्धी झाली की भरा. आणि यादीत उंच पर्वत असतील तर ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढा. गाडी माणसाला फार भरभर वर नेते, शरीर तेवढ्या वेगाने सरावत नाही.

'एकटी बाई' हे शब्द तुम्ही पत्रात लिहिलेले नाहीत, पण आईच्या वाक्यामागे ते असणार. मोटारीचा पहिला लांब प्रवास एका बाईनेच केला आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेन्झ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली गाडी काढून जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाल्या. साधारण १०० किलोमीटर. वाटेत इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली, ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. मला या गोष्टीत धाडसाहून जास्त आवडतं ते त्यांनी वाटेतल्या प्रत्येकाकडे हक्काने मदत मागितली हे. एकटीने जाणं म्हणजे कुणाशी बोलायचं नाही असं नव्हे. मुक्कामाच्या घरात, इंधनाच्या पंपावर, वनखात्याच्या चौकीवर माणसांशी बोला. पुढचा रस्ता कसा आहे, हे नकाशापेक्षा त्यांना जास्त कळतं. दहा दिवस एका जागी राहण्याचा हा आणखी एक फायदा : तिसऱ्या दिवसापासून तिथल्या चार लोकांना तुम्ही माहीत झालेल्या असता, आणि संध्याकाळी परतला नाहीत तर कुणाच्या तरी लक्षात येतं.

पायी रानात जाताना कुठली वाट, किती वाजता परत, हे मुक्कामाच्या जागी सांगून जा. मागे वळण्याची वेळ निघतानाच ठरवा आणि शिखर दहा मिनिटांवर असलं तरी ती पाळा. नेटवर्क नसेल हे धरून नकाशे आधीच उतरवून घ्या. वाहत्या पाण्यात गाडी घालू नका, ते गुडघाभर दिसलं तरी. गाडी निर्जन रस्त्यावर बंद पडली तर तिच्यापाशीच थांबा. भटकणाऱ्या माणसापेक्षा उभी गाडी शोधणाऱ्याला लवकर दिसते. आणि ज्या रानाकडे आपण विसाव्याला जातो त्याला त्रास देऊ नका. गाडी रस्ता सोडून गवतात घालायची नाही, प्राण्यांना काही खायला घालायचं नाही, आपला कचरा आपल्याच गाडीतून परत आणायचा. हे नियम पाळणारी माणसं कमी पडली म्हणून कितीतरी सुंदर जागा आज ओळखू येत नाहीत.

आता घर. माझ्या मते तुमच्या पत्रातली खरी अडचण इथे आहे, आणि तुम्ही ती थोडक्यात उरकली आहे.

नवऱ्याच्या गप्प राहण्याचा अर्थ तुम्ही नाराजी असा लावला असावा. असेलही. पण तो घाबरला असण्याची शक्यता तितकीच आहे : तुमची काळजी, चार महिने एकट्याने आईचं करणं जमेल का याची भीती, आणि कदाचित 'मला असं जाता येत नाही' याची हुरहुरसुद्धा. तुम्ही दोन वर्षं रात्री जागून हे आखलंत. त्यातल्या किती रात्री तो शेजारी बसला होता? माणसाला तयार आराखडा दाखवला की त्याच्यापुढे हो किंवा नाही एवढंच उरतं. आता नाहीतरी आराखडा नव्याने करायचा आहे. ६२ मधली ५३ खोडायला त्याला सोबत घ्या. ज्या दोन आठवड्यांत तो येणार ते ठिकाण त्याला निवडू द्या. आणि सरळ विचारा, 'तुला कशाची धास्ती वाटते?' मग उत्तर येईपर्यंत गप्प बसा, मधे समजूत घालू नका.

सासूबाईंशी तुम्ही स्वतः बोलला आहात का? पत्रात त्या फक्त औषधं आणि दवाखान्यापुरत्या येतात. ७८ वर्षांच्या माणसाला आपल्याविषयी आपल्यामागे काय ठरतंय हे नेमकं कळत असतं. त्यांनाच विचारा, चार महिने तुम्हाला काय अडेल. कदाचित तुम्ही धरलंय त्यापेक्षा फार कमी. निघण्याआधी त्यांच्या सगळ्या तपासण्या करून घ्या, औषधांची नावं-वेळा, डॉक्टरांचे नंबर, विम्याची कागदं एका वहीत लिहा. आणि मग सर्वांत अवघड काम : निघण्याच्या एक महिना आधी ती वही नवऱ्याच्या हाती द्या आणि त्या महिन्यात हात लावू नका. तुम्ही जवळ असताना त्याच्या दोन चुका होतील, सुधारतील. तसं न करता निघालात तर चार महिने तुम्ही गाडीत बसून फोनवरून घर चालवाल, आणि ज्या दमणुकीपासून सुट्टी घेतली तीच डिकीत भरून नेलेली असेल. फोनची एक वेळ ठरवा. त्या फोनवर 'गोळी दिली का' हे विचारायचं नाही. ज्याच्याकडे जबाबदारी आहे तो सांगेल. खरंच काही गंभीर झालं तर परत यायचं, हे सगळ्यांनी आधीच मान्य करून ठेवा. नऊ ठिकाणांच्या आखणीत ते शक्य असतं, कारण कुठूनही घरी पोहोचायला किती तास लागतील हे तुम्हाला माहीत असतं.

आईला पटवायला जाऊ नका. तिच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच : चांगलं चाललेलं आहे म्हणूनच जमतंय. बिघडल्यावर घेतलेल्या रजेत माणूस फिरत नाही, औषधोपचार घेतो.

ऑफिसच्या बाबतीत मात्र कोरडेपणा ठेवा. साहेब तोंडी जे म्हणाले ते त्यांचं मत आहे. रजेचा नियम काय म्हणतो ते एचआरकडून लेखी घ्या. परतल्यावर हीच जागा की समकक्ष जागा? सेवाज्येष्ठता तुटते का? आरोग्य विमा रजेत चालू राहतो का, हप्ता कुणी भरायचा? निवृत्तीनिधीत त्या महिन्यांचं काय? या वर्षाचं अप्रेझल कसं होणार? उत्तरं हातात आल्याशिवाय अर्ज पक्का करू नका. आणि नियमातच जागेची हमी नसेल, तर स्वतःला विचारा : ही जागा गेली आणि दुसऱ्या विभागात बसावं लागलं तर किती बिघडेल? मघाशी दमवणाऱ्या गोष्टींची जी नोंद केली असेल ती समोर ठेवून हे विचारा, उत्तर कदाचित वेगळं येईल.

पैशांचं तुम्हाला मी काय सांगणार. फक्त एक खाते वाढवा : प्रवासाचा खर्च आणि मागे चालू राहणारे हप्ते यांच्याशिवाय, परतल्यावरचे तीन महिने पगार नसता तरी घर चालेल एवढी रक्कम बाजूला. ती नसेल तर रजा सहा महिने पुढे ढकला किंवा चाराऐवजी तीन महिने घ्या, पण कर्ज काढून जाऊ नका. ठिकाणं कमी केल्याने इंधन निम्म्याच्याही खाली येईल आणि लांब मुक्कामाला भाडंही कमी पडतं.

असं पत्र लिहिणाऱ्या सगळ्यांनाच चार महिने मिळत नाहीत, हे मला माहीत आहे. ज्यांना तीन आठवडे मिळतील त्यांनी दोनच ठिकाणं घ्यावीत. ज्यांना काहीच मिळत नाही त्यांच्यासाठी, आणि तुमच्या परतल्यानंतरच्या दिवसांसाठीही, एक माहिती मोलाची आहे. इंग्लंडमध्ये सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवर आधारित अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यात किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली तब्येत चांगली आहे, बरं वाटतंय असं सांगणाऱ्यांचं प्रमाण अजिबात न जाणाऱ्यांपेक्षा जास्त होतं. ती मिनिटं एकदम घेतली की तुकड्यांनी, याने फरक पडला नाही. कामाच्या आठवड्यातून दोन तास काढणं अवघड आहे, अशक्य नाही. रजा संपल्यावर सगळं ओसरू द्यायचं नसेल तर हे दोन तास परतल्याच्या पहिल्या आठवड्यापासून धरायला हवेत.

परतीचंही आत्ताच ठरवा. कामावर रुजू होण्याच्या किमान दहा दिवस आधी घरी पोहोचा, त्यासाठी नवातला एक मुक्काम गाळावा लागला तरी चालेल. ते दहा दिवस घरच्यांचे. वही नवऱ्याकडून लगेच परत घेऊ नका. त्यातली निम्मी कामं कायमची त्याच्याकडे राहिली तर दोघांच्याही सोयीचं होईल. आणि रुजू व्हाल त्या आठवड्यात साहेबांची वेळ मागून घ्या. निघण्याआधी लिहिलेल्या नोंदीतल्या ज्या गोष्टी रस्त्याने सुटल्या नसतील त्यांतल्या दोन, फक्त दोन, त्यांच्यापुढे मांडा : कोणतं काम दुसऱ्याकडे द्यायचं आणि कोणत्या वेळेनंतर फोन घ्यायचा नाही. त्याला नकार आला तर पुन्हा लिहा, मग आपण नोकरीबद्दल बोलू.